आजारपणातला विसर आणि चिनी सुया

(मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही बोलणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आजवर या सभेत मी उभी राहिले ती फक्त हिशोब वाचायला. मागील शिल्लक इतकी, वर्गणी इतकी, सतरंज्यांचे भाडे इतके, एवढेच माझे भाषण असायचे. यंदा कार्यकारिणीने सांगितले की तुझ्या आजाराविषयी चार शब्द बोल. मी म्हटले, आजाराचे काय बोलायचे, ती काय मंगळागौर आहे? पण रात्री विचार करता करता वाटले की एक गोष्ट या मंडळापुढे सांगायची राहून गेली आहे, आणि ती हिशोबाचीच आहे. म्हणून उभी राहिले. माझ्या हातात कागद आहे त्याला हसू नका. कागदावाचून मी आता कुठे जात नाही. का जात नाही, ते पुढे येईलच.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात अंघोळ करताना डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून मी गौरी-गणपती होऊ दिले. हे माझे चुकले. न दुखणारी गाठसुद्धा लगेच दाखवावी, हे मला उशिरा कळले. नाशिकला तपासणी झाली, कॅन्सर निघाला. दसऱ्याच्या आधी शस्त्रक्रिया झाली आणि डाव्या काखेतल्या गाठीही काढल्या. रुग्णालयाचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागला, नाहीतर आम्हाला रान गहाण टाकावे लागले असते. दिवाळी झाल्यावर केमो सुरू झाली. आधी लाल औषधाचे चार डोस, एकवीस-एकवीस दिवसांनी. आणि मग दुसऱ्या औषधाचे बारा डोस, दर आठवड्याला एक.

केमो म्हणजे काय, हे मला माझ्या भाचीने समजावले. ती लोणीला नर्सिंग शिकते. ती म्हणाली, "मावशी, कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात. हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं. पण केसांच्या मुळाशी, तोंडात, आतड्यात आणि रक्तातसुद्धा भराभर वाढणाऱ्या पेशी असतात, त्यांनाही झळ बसते." मी मनात म्हटले, म्हणजे हे तणनाशकच की. तण मरते, पण पिकाचे शेंडेही थोडे करपतात. म्हणून केस गेले, तोंड आले, पांढऱ्या पेशी कमी झाल्या. हे सगळे कुणीतरी आधी सांगितले होते, त्यामुळे घाबरले नाही. पण डोक्याला झळ बसते, हे मला कुणी सांगितले नव्हते. कदाचित सांगितले असेल, आणि मीच विसरले असेन!

विसर कसा सुरू झाला ते सांगते. दुसऱ्या डोसानंतर एके दिवशी आमटीत मीठ दोनदा पडले. त्यात काय, कुणाचेही पडते. मग दुधाच्या रतिबाचा हिशोब जुळेना. सव्वातीन लिटरचे महिन्याचे किती, हे मी एरवी भाकरी थापता थापता सांगत असे. ते आता बोटे मोजूनही येईना. धाकट्या जावेला हाक मारायची म्हणून तोंड उघडले आणि तिचे नाव आठवेना. वीस वर्षे एका चुलीवर स्वयंपाक केला त्या जावेचे! टीव्हीवर कुणी बोलत असले आणि त्याच वेळी पोरगा काही सांगू लागला, तर दोन्ही निसटायचे. डोके दुखत नव्हते, चक्कर नव्हती. जानेवारीत सकाळी प्रवरेच्या पात्रावर धुके असते ना, पलीकडचा काठ आहे हे ठाऊक असते पण दिसत नाही, तसे व्हायचे.

आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "चाळिशीतच म्हातारपण आलं का काय तुला?" त्या थट्टेने म्हणाल्या. पण मला रात्री झोप लागली नाही. माझ्या आजीला शेवटी वेड लागले होते. तेच आपल्याला लागले, असे मी ठरवून टाकले आणि कुणालाही सांगितले नाही. नाशिकच्या डॉक्टरांनी दर वेळी विचारले, "आणखी काही त्रास?" मी उलटी सांगितली, तोंड आल्याचे सांगितले. विसर सांगितला नाही. केस गेले ते पदराखाली झाकता येते. बुद्धी चालली, हे कुणाला सांगायचे?

उलटीचा त्रास मात्र फार होता. पाणीसुद्धा ठरत नव्हते. तेव्हा भाचीने सुयांची गोष्ट काढली. ॲक्युपंक्चर, म्हणजे चिनी लोकांची बारीक सुया टोचण्याची विद्या. नाशिकचे एक डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस संगमनेरला येऊन हा उपचार करीत. भाची म्हणाली, "केमोच्या मळमळीवर याचा उपयोग होतो. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेनं १९९७ साली तज्ज्ञ बसवून तसा निर्वाळा दिलाय. आणि केमो चालू असतानाच सुया घेतल्या तर विसराळूपणा टळतो का, हेही काही देशांत तपासून पाहतायत." तिने हे सहज सांगितले. पण माझ्या काळजात ते रुतून बसले. मी उलटीचे निमित्त केले आणि मनात विसराची आशा धरून निघाले.

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "आमच्या वेळी पोरांचं पोट दुखलं की डाग द्यायचे. आता टाचण्या टोचतात. फरक काय?" तरी त्या माझ्याबरोबर आल्या, एकटीला जाऊ दिले नाही.

तिथे भिंतीवर डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची तसबीर होती. हे आपल्या शेजारच्या सोलापूरचे, १९१० सालचा जन्म. १९३८ साली चीनवर जपानने केलेल्या आक्रमणात जखमी लोकांची सेवा करण्यासाठी काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले, त्यांत ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिकडेच राहिले, तिथल्या परिचारिकेशी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. त्यांच्यावर शांतारामबापूंनी १९४६ साली चित्रपट काढला, तो आत्याबाईंनी गावच्या जत्रेत पडद्यावर पाहिलेला. तसबीर ओळखीची निघाली आणि त्यांचा अर्धा राग गेला. त्यांनी विचारले, "ही विद्या यांनीच आणली का हो?" डॉक्टर हसले. म्हणाले, "नाही आजी. कोटणीस शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. त्यांच्याच पथकात कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू होते. ते पुढे पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी ती कलकत्त्यात सुरू केली." खोटी शेखी न मिरवता सरळ सांगितले, हे मला आवडले.

त्याहून एक गोष्ट आवडली. त्यांनी सुई हातात घेण्याआधी माझा रक्ताचा रिपोर्ट मागितला आणि माझ्या केमोच्या डॉक्टरांना फोन केला. पांढऱ्या पेशी फार कमी असतील तर सुईच्या जागी जंतू शिरण्याची भीती, आणि रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी असतील तर रक्त येण्याची भीती. एकदा माझ्या पेशी खाली गेल्या होत्या, तर त्यांनी मला तशीच परत पाठवली, पैसेही घेतले नाहीत. डाव्या हाताला त्यांनी कधी सुई लावली नाही, कारण त्या काखेतल्या गाठी काढलेल्या. त्या हाताला सूज धरू शकते. दर वेळी बंद पाकिटातली नवी सुई, आणि काम झाल्यावर ती डब्यात टाकून द्यायची.

सुई केसासारखी बारीक. मुंगी चावल्यासारखे वाटते, मग थोडे जड वाटते. मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटे वर, दोन शिरांच्या मधोमध एक सुई, ती मळमळीची. पायाला गुडघ्याखाली एक. डोक्यावर पुरुष शेंडी ठेवत त्या सुमाराला एक. तशी अर्धा तास पडून राहायचे. दोन-तीन वेळा मी तिथेच घोरले, असे आत्याबाई सांगतात.

उलटी कमी झाली. तिसऱ्या डोसाला पहिल्याच्या निम्मी, चौथ्याला त्याहून कमी. झोपही लागू लागली. पण भगिनींनो, हिशोब पुरा मांडायचा तर हेही लिहिले पाहिजे की त्याच वेळी नाशिकच्या डॉक्टरांनी उलटीची गोळी बदलली होती. सुईने किती आणि गोळीने किती, हे मी वेगळे काढू शकत नाही. दोन्हींचा गुण आला म्हणते.

आता विसराचे. आणि आता मंडळाचे.

संक्रांतीपर्यंत माझ्या सात वेळा सुया घेऊन झाल्या होत्या. मला वाटत होते की डोके सुधारते आहे. त्या पौषात मी नेहमीप्रमाणे घरोघरी जाऊन वर्गणी गोळा केली. बेचाळीस जणी, प्रत्येकी शंभर, एकूण ४,२०० रुपये. दोन आठवड्यांनी मी पुन्हा वर्गणी मागत निघाले. एकदा गोळा केली आहे याची मला आठवणच नव्हती. पहिल्या घरी मला सांगितले, "अगं, दिली की." मला वाटले, ती विसरली! दुसऱ्या घरच्या म्हाताऱ्या काकूंनी एक शब्द न बोलता पुन्हा शंभराची नोट दिली. तिसऱ्या घरी गलका झाला. वहीत नोंद नव्हती, घरात पैसे सापडेनात. मग बैठक झाली. आपल्यातली एक बाई म्हणाली, "आजारपणात खर्च झाले असतील तर सरळ सांगावं. आम्ही काय खाऊ का तुला?"

ती वाईट मनाने बोलली, असे मी आज म्हणत नाही. तिच्या जागी मी असते तर मलाही तसेच वाटले असते. पण त्या दिवशी मी घरी आले आणि टक्कल पडले तेव्हा रडले नव्हते एवढी रडले. यजमानांनी दुधाच्या पैशांतून ४,२०० भरले, मी खजिनदारपद सोडले आणि मंडळात येणे बंद केले. गावात काय बोलले गेले असेल ते मला ठाऊक आहे. पैसे भरले म्हणजे घेतलेच असणार, असा जगाचा हिशोब असतो.

त्यानंतर आत्याबाई नाशिकला माझ्याबरोबर आल्या आणि डॉक्टरांनी "आणखी काही त्रास?" विचारल्यावर माझ्या आधी त्याच बोलल्या. "हिला काही आठवत नाही हो. आणि ही तुमच्यापासून लपवते."

डॉक्टर दचकले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, "हे वेड नाही. केमो घेणाऱ्या पुष्कळ बायकांना असं होतं. याला केमो ब्रेन असं नावसुद्धा आहे. लक्ष लागत नाही, नावं आठवत नाहीत, एका वेळी दोन कामं जमत नाहीत. फार पूर्वी बायका हे सांगायच्या तेव्हा काळजीनं होतं म्हणून सोडून द्यायचे. आता तसं मानत नाहीत." कारणे एक नाही, अनेक, असे ते म्हणाले. औषध आहे, खुद्द आजार आहे, रक्त कमी होणे, झोप न होणे, काळजी, आणि औषधाने पाळी एकाएकी थांबणे. त्यांनी माझे रक्त आणि थायरॉईड तपासले. हिमोग्लोबिन कमी निघाले, त्यावर उपाय केला. आणि सांगितले की बहुतेकींचे उपचार संपल्यावर काही महिन्यांत, वर्षभरात पुष्कळ सुधारते, काहींचे रेंगाळते.

हे ऐकले आणि छातीवरचा दगड उतरला. भगिनींनो, रोग तोच, विसर तोच. पण त्याला नाव मिळाले आणि मी चोरही राहिले नाही, वेडीही राहिले नाही.

मी त्यांना सुयांचे विचारले. सुयांनी हे टळते का? ते म्हणाले, "अजून तसं ठामपणे म्हणता येत नाही." भाचीने पुढे मला एक अभ्यास वाचून दाखवला. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी तो २०२० साली छापला. छातीच्या कॅन्सरसाठी केमो घेणाऱ्या किंवा घेऊन झालेल्या ९३ बायका घेतल्या. अर्ध्यांना डोक्यावर आणि अंगावर सुया व बारीक विजेचा झटका, अर्ध्यांना नावापुरत्या थोड्या सुया. आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा. मग परीक्षा घेतली. बुद्धीच्या एकंदर तपासणीच्या मुख्य परीक्षेत दोन्ही गटांत ठळक फरक निघाला नाही. ऐकलेले आकडे उलटे म्हणून दाखवण्यात मात्र पुऱ्या सुया घेणाऱ्या बायका सरस ठरल्या. म्हणजे अगदी काहीच नाही असेही नाही, आणि झाले असेही नाही. ९३ बायका म्हणजे आपल्या मंडळाच्या दुपटीहून थोड्या अधिक. एवढ्यावर सगळ्या जगाचा निकाल कसा लागेल? आणि मी तर एकटी. माझ्या डोक्यावर सुया चालू असतानाच माझे ४,२०० रुपये हरवले, हे खरे आहे. सुया नसत्या तर मी आणखी विसरले असते का, हे कोण सांगणार? म्हणून मी सुयांना नावे ठेवत नाही आणि त्यांची जाहिरातही करीत नाही.

केमो एप्रिलमध्ये संपली. वैशाखात वाळवणे घालायला जुने डबे खाली काढले. गेल्या वर्षीच्या कुरड्यांच्या डब्यात, तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत ४,२०० रुपये. वर चिठ्ठी, माझ्याच अक्षरात: "पौष, ४२ जणी." चोराची नजर जाणार नाही अशी जागा म्हणून मी ती निवडली असणार. आत्याबाईंनी तो डबा तसाच्या तसा उचलला आणि उन्हातान्हातून अध्यक्षबाईंच्या दारात नेऊन ठेवला. कुरड्यांसकट.

मला आज दीड वर्षाने बरेच बरे आहे. रतिबाचा हिशोब येतो, पण एका जागी बसून. नावे कधी अडखळतात. रोज सकाळी कालव्याच्या रस्त्याने पाऊण तास चालते, चालण्याने डोक्यालाही बरे वाटते असे डॉक्टर म्हणाले होते आणि मला तसा अनुभव आहे. रात्री वेळेवर झोपते. एका वेळी एकच काम करते. आणि जे काही असेल ते लिहून ठेवते, घडले त्याच क्षणी.

आता आपल्यापैकी कुणावर ही वेळ आली, किंवा कुणाच्या लेकीसुनेवर आली, तर माझे चार शब्द लक्षात ठेवा.

विसर पडू लागला तर तो डॉक्टरांना पहिल्या दिवशी सांगा. उलटी सांगता तसाच सांगा. रक्त कमी, थायरॉईड, झोप, मनाचा खचलेपणा, यांतले काही त्यामागे असेल तर त्यावर औषध आहे.

सुया घ्यायच्या तर केमोच्या डॉक्टरांना विचारून घ्या, केमोच्या जोडीला घ्या, तिच्या बदली नको. आमच्या ओळखीत एका बाईला कुणीतरी सांगितले की सुयांनीच गाठ विरघळेल, केमो सोड. सुदैवाने तिने ऐकले नाही. असे कुणी म्हणाले की तिथून उठा. आपल्या राज्यात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ सालचा कायदा आहे, त्याखाली उपचार करणाऱ्यांची नोंदणी होते. ती नोंदणी आहे का, ते विचारायला लाजू नका. रक्ताचा रिपोर्ट न पाहता कुणी सुई काढली, तर तिथूनही उठा.

घरच्यांनी आजारी बाईच्या हातून पैशाचा आणि औषधांच्या वेळांचा कारभार काही महिने काढून घ्यावा. पण तिला कमी लेखून नव्हे. तिला विचारून, तिच्या शेजारी बसून.

आणि मंडळाला विनंती अशी, की बाई चुकली तर आधी तिला घरी जाऊन विचारावे, बैठकीत नंतर.

यंदा मंडळाने मला पुन्हा खजिनदार केले. वर्गणी आता दोघी मिळून गोळा करतो, दोघींच्या सह्या होतात, आणि पैसे त्याच दिवशी बँकेत जातात. माझ्याबरोबर दुसरी सही करते ती त्या दिवशी बैठकीत बोललेलीच बाई. तिने माफी मागितली नाही आणि मीही मागवली नाही. पहिल्या दिवशी तिने माझ्या हातातून पिशवी घेतली, नोटा मोजल्या आणि म्हणाली, "तू लिही. मी मोजते." आमचे बरे चालले आहे. ज्या काकूंनी दोनदा वर्गणी दिली त्यांचे शंभर रुपये मी परत न्यायला गेले, तर त्या म्हणाल्या, "मी कधी दिले? मला नाही बाई आठवत." त्यांना केमो नव्हती. त्यांना सगळे आठवत होते.

वेडेवाकडे बोलले असेन तर सांभाळून घ्या. काही सांगायचे विसरले असेन तर तेही सांभाळून घ्या, त्याचे कारण आता तुम्हाला ठाऊक आहे.  हिशोब जेवणानंतर वाचला जाईल.